इंदूरच्या गच्चीवर उभ्या नळीतील स्ट्रॉबेरी : प्रथमच लावणाऱ्यांसाठी

इंदुरात स्ट्रॉबेरीचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघेपर्यंत जवळजवळ आटोपतो. दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १० अंशांच्या आसपास तापमान असले म्हणजे हे रोप खुशीत वाढते, आणि माळव्याच्या पठारावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेल्या आपल्या शहराला नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने साधारण अशीच हवा लाभते. ज्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथली तांबडी माती आणि डोंगरावरचा गारवा आपल्याकडे नाही. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याइतका लांब हंगाम आणि तेवढे पीक घरच्या गच्चीवर मिळेल अशी आशा धरू नये. मात्र सकाळच्या नाश्त्याला मूठभर ताजी, देठापर्यंत लाल झालेली फळे मिळावीत एवढीच अपेक्षा असेल, तर ती पुरी होण्यासारखी आहे.

हंगामाचा हा हिशेब आधी पक्का समजून घ्यावा, कारण नवख्यांचे निम्मे नुकसान चुकीच्या महिन्यात रोप आणल्याने होते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक जाती लहान दिवसांच्या आहेत, म्हणजे दिवस लहान आणि हवा गार होऊ लागली की त्यांना कळ्या धरतात. उलट दिवस मोठे होऊन हवा तापली की तेच रोप फुलायचे थांबते आणि जमिनीलगत सरपटणाऱ्या लांब दांड्या सोडू लागते, ज्यांना सगळे रनर म्हणतात. फेब्रुवारीत एखाद्या रोपवाटिकेत लाल फळे लटकलेली कुंडी दिसते आणि मोह होतो. ती कुंडी महिनाभराच्या हौसेसाठी जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर नळ्या उभारू नयेत. रोपे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, फार तर महिनाअखेरपर्यंत लागली पाहिजेत, आणि म्हणून नळीचे सारे काम सप्टेंबरातच उरकून घ्यावे.

जागा

रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या जुन्या घरांची अंगणे गेली आणि त्यांच्या जागी मजले आले. आता बहुतेकांकडे गच्चीचा एखादा कोपरा किंवा चार फुटी गॅलरी उरली आहे. उभ्या नळीला एक चौरस फूट जागा पुरते, हे तिचे उघड आकर्षण. दुसरा फायदा उन्हाचा आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशच वर असतो आणि ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. हे तिरपे ऊन उभ्या नळीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत नीट पडते. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेली जी गॅलरी उन्हाळ्यात फारशी कामाची वाटत नाही, तीच हिवाळ्यात या पिकासाठी सर्वांत चांगली ठरते. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर मात्र हा खटाटोप करू नये. पाने हिरवीगार येतील, पण फळे थोडी आणि आंबट येतील.

नळीच्या उत्तरेकडच्या बाजूला हिवाळ्यात ऊन अजिबात पोहोचत नाही. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी नळी पाव फेरा फिरवणे. ती भिंतीला कायमची पक्की ठोकू नये, ते याच कारणासाठी.

कोणते उभे भांडे घ्यावे

बाजारात तीन प्रकार दिसतात. एकावर एक रचायच्या, पाकळ्यांसारखे पाच-सहा कोपरे असलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्या. भिंतीला टांगायच्या खिशांच्या कापडी पिशव्या. आणि घरी बनवलेली पीव्हीसी पाइपची नळी. टांगत्या पिशव्या आमच्या हवेत फार लवकर सुकतात, त्यामुळे मी त्या नवख्यांना सुचवत नाही. ज्यांना हत्यारे हाताळायची नाहीत, त्यांनी रचायच्या कुंड्या घ्याव्यात आणि चारपेक्षा जास्त मजले करू नयेत. बाकीच्यांसाठी नळी उत्तम, कारण तिची मापे आपल्या हातात राहतात, आणि या पद्धतीत सारे यश मापांवरच अवलंबून आहे.

ते का, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या फजितीवरून सांगतो. मी चार इंची पाइप आणला, सहा फूट उंच उभा केला, आणि त्यात हौसेने तीस भोके पाडून तीस रोपे लावली. रोज वरून तांब्या-दोन तांबे पाणी घालत असे. दिवाळीपर्यंत वरच्या दहा रोपांची पाने कडेने करपली, खालची दहा सडली, आणि मधली दहा तेवढी तग धरून राहिली. रोगराई काहीच नव्हती. पाणी खाली जाते, आणि उंच अरुंद नळीत ते इतके झपाट्याने खाली जाते की वरचा भाग कोरडा आणि तळ चिखल अशी स्थिती चोवीस तास राहते. शिवाय चार इंची नळीत एकेका रोपाच्या वाट्याला जेमतेम अर्धा लिटर मिश्रण आले होते. दुपारच्या उन्हात तेवढे मिश्रण तापून कोरडे व्हायला वेळ लागत नाही. पुढे दिलेले प्रत्येक माप या एका दोषावरचा उतारा आहे.

नळी तयार करणे

प्लंबर ज्याला सहा इंची किंवा १६० एमएम म्हणतात, तो सांडपाण्याच्या लायनीचा पाइप घ्यावा आणि पाच फुटांचा तुकडा कापून आणावा. यांपैकी खालचा एक फूट आधारासाठी जाईल आणि वरचे चार फूट लागवडीसाठी राहतील. चार फुटांत साधारण २१ ते २२ लिटर मिश्रण बसते. एका रोपाला पावणेदोन ते दोन लिटर मिश्रण मिळावे असे धरले, तर या नळीत बाराच रोपे लावायची: बाजूच्या खिशांत दहा आणि वरच्या तोंडाशी दोन. बारा हा आकडा ऐकून पुष्कळांची निराशा होते, आणि 'एवढ्या जागेत पंचवीस तरी बसतील' असे त्यांना वाटते. बसतात, परंतु जगत नाहीत.

पाइपचा घेर सुमारे ५० सेंटिमीटर असतो. त्यावर सारख्या अंतराने चार उभ्या रेषा खडूने आखाव्यात, म्हणजे दोन रेषांत साडेबारा सेंटिमीटर अंतर राहील. आता २० सेंटिमीटर उंचीचा एक, असे पाच मजले धरावेत. पहिल्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन रेषांवर खूण करावी, दुसऱ्या मजल्यावर उरलेल्या दोन रेषांवर, तिसऱ्यावर पुन्हा पहिल्या दोन; असे केल्याने एका रोपाच्या थेट डोक्यावर दुसरे रोप ४० सेंटिमीटरांच्या आत येत नाही आणि कोणाची सावली कोणावर पडत नाही.

प्रत्येक खुणेवर आडवा, दहा सेंटिमीटर लांबीचा काप आरीने किंवा ग्राइंडरने घ्यावा. केवळ गोल भोक पाडले तर पाणी घालताना मिश्रण वाहून बाहेर येते, त्यामुळे कापाला खिशाचा आकार द्यावा लागतो. कापाच्या खालचा भाग हीट गनने एक-दोन मिनिटे तापवावा. प्लॅस्टिक मऊ पडू लागले की जाड लाटण्याचे टोक कापात घालून खालची कड बाहेर ओढून धरावी आणि ती थंड होईपर्यंत हलवू नये. टोपीच्या झापेसारखा ओठ तयार होतो आणि रोप त्यात टेकून बसते. हातात चामडी मोजे असावेत आणि काम गच्चीवर उघड्या हवेत करावे. गॅसच्या शेगडीवर किंवा मशालीसारख्या ज्योतीवर पाइप कधीही तापवू नये, कारण पीव्हीसी जळाले की घशाला आणि फुफ्फुसाला अपाय करणारा आम्लयुक्त वायू निघतो. लाटणे अर्थातच स्वयंपाकघरातून परवानगीने आणावे. ते परत पोळ्यांच्या कामी येत नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मधली पाण्याची नळी. पाऊण इंची पाइपचा नळीएवढाच लांब तुकडा घेऊन त्याच्या खालच्या टोकाला झाकण बसवावे. त्याला तीन मिलिमीटरची भोके पाडायची, परंतु सगळीकडे सारखी नाहीत. लागवडीच्या वरच्या तृतीयांशात दर पाच सेंटिमीटरला एक, मधल्या भागात दर दहा सेंटिमीटरला एक, आणि खालच्या भागात मिळून फक्त दोन. पाणी ओतल्यावर ते या नळीत उभे राहते आणि तळाशी दाब सर्वांत जास्त असतो. भोके सारखी ठेवली तर बहुतेक पाणी खालीच सुटते आणि आपण पुन्हा त्याच जुन्या दोषात सापडतो. नळीभोवती नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळून दोऱ्याने बांधावा, म्हणजे भोके मिश्रणाने बुजत नाहीत.

उभे करण्यासाठी रंगाची रिकामी वीस लिटरची बादली चांगली. तिच्या तळाला सात-आठ भोके पाडून मोठी नळी मधोमध उभी धरावी आणि भोवती विटांचे तुकडे व खडी ठासून भरावी. नळीच्या आतही खालचा फूटभर भाग खडीनेच भरावा. ओले मिश्रण आणि खडी मिळून वजन तीस-पस्तीस किलोंपर्यंत जाते, तेव्हा बादली आधीच चाकांच्या पाटावर ठेवली तर फिरवणे सोपे जाते. कठड्यावर ती कदापि ठेवू नये. वरचा भाग कपडे वाळत घालायच्या तारेने रेलिंगला सैल बांधावा, कारण मार्चमधल्या वाऱ्याला एवढी उंची पुरेशी असते. पाइप करडा असेल तर बाहेरून पांढरा रंग द्यावा, त्याने मुळांशी उष्णता बरीच कमी राहते.

आतले मिश्रण

माळव्याच्या काळ्या मातीवर आपला जीव असला, तरी ती या नळीत घालू नये. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, नळीत दाबून बसली की तिच्यातून पाणी उतरत नाही, आणि मुख्य म्हणजे ती बहुधा अल्कधर्मी असते. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच) असलेली, किंचित आम्ल बाजूची माती लागते.

मापाने दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), एक भाग मुरलेले गांडूळखत आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. परलाइट न मिळाल्यास जाड, धुतलेली वाळू चालते, पण तिने वजन वाढते. साडेसहाशे ग्रॅमच्या कोकोपीटच्या दोन लहान विटा एका नळीला पुरून उरतात. वीट भिजवून फुलवल्यावर ते कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळावे; पहिले पाणी काढ्यासारखे तपकिरी निघते, आणि त्याबरोबर नारळाच्या काथ्यातले मीठही निघून जाते. क्षार सहन न होणाऱ्या पिकांत स्ट्रॉबेरीचा क्रमांक फार वरचा आहे, म्हणून ही पायरी आळसाने गाळू नये.

घरचे कंपोस्ट वापरायचे असेल तर जरूर वापरावे. कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने आपल्याच गावातल्या वनस्पती उद्योग संस्थेत सिद्ध केली, हे इथल्या पुष्कळ मराठी घरांनाही ठाऊक नसते. काडीकचरा, शेण, माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, ढीग ठरावीक दिवसांनी परतायचा आणि तीन महिन्यांत खत तयार करायचे, अशी ती पद्धत. त्यात एकच बदल आपल्याला करावा लागतो: राख अल्कधर्मी असल्यामुळे स्ट्रॉबेरीसाठीच्या ढिगात ती घालू नये. खत पुरते मुरले आहे की नाही हे हातात घेऊन पाहावे. त्याला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास यायला हवा; आंबूस वास येत असेल किंवा ते कोमट लागत असेल, तर आणखी महिनाभर थांबावे.

मधली पाण्याची नळी सरळ धरून भोवती मिश्रण थोडे थोडे भरावे, प्रत्येक खिशाजवळ बोटांनी हलके दाबावे, आणि भरून झाल्यावर पाणी घालून तीन दिवस तसेच ठेवावे. मिश्रण तीन-चार बोटे खाली बसते. ते पुन्हा भरल्यानंतरच रोपे आणावीत. नाहीतर लावलेली रोपे मिश्रणाबरोबर खाली ओढली जातात आणि नळीच्या आत गडप होतात.

रोपे

विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोजा आणि नाभिला ही नावे आपल्याकडे ऐकू येतात. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन लवकर फळतात, आणि आपला हंगाम आखूड असल्यामुळे इंदूरसाठी हा गुण मोठा आहे. कामारोजाचे फळ मोठे आणि टणक असते, मात्र ते थोडे उशिरा येते. नर्सरीत जात विचारली तर 'अरे साब, सब एक ही है' असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी ज्याला निदान जातीचे नाव सांगता येते त्याच्याकडून रोपे घ्यावीत, मग चार पैसे जास्त पडले तरी हरकत नाही. संकेतस्थळांवर निळ्या, काळ्या, जांभळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटे विकतात. त्यांच्या नादी लागू नये. निळी स्ट्रॉबेरी अस्तित्वात नाही, आणि खऱ्या बियांपासूनही मूळ जातीसारखे फळ येत नाही, शिवाय रोप फळण्याजोगे व्हायला बराच काळ जातो.

कुरिअरने मागवलेली रोपे तीन-चार दिवस डब्यात राहून मलूल झालेली असतात. ती आल्याबरोबर सावलीत उघडावीत, मुळे अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवावीत, वाळकी पाने काढून दोन-तीन कोवळी पाने तेवढी ठेवावीत, आणि मुळे फार लांब असतील तर कात्रीने कापून बोटभर लांबीची करावीत.

लावणी

रोप हातात घेऊन नीट पाहावे. वर पाने, खाली तपकिरी मुळांचा झुबका, आणि या दोहोंच्या मधे करंगळीच्या पेराएवढी एक जाड, खवल्याखवल्यांची गाठ असते. तिला क्राऊन म्हणतात, आणि तिच्या मधोमध दुमडलेल्या पंख्यासारखे एक इवले पान बाहेर यायच्या तयारीत असते. रोपाचा सगळा जीव या गाठीत आहे. गाठ मिश्रणात पुरली गेली तर ते इवले पान काळे पडून आठवड्याभरात रोप सडते, आणि गाठ फार वर राहून मुळांची सुरुवात उघडी पडली तर रोप उन्हाने वाळते. मिश्रणाचा पृष्ठभाग गाठीच्या बरोबर निम्म्यावर यावा: मुळे पूर्ण आत आणि ते इवले पान पूर्ण बाहेर.

सपाट कुंडीत हे सोपे असते; नळीच्या खिशात रोप तिरपे बसते, त्यामुळे चूक होण्याची शक्यता वाढते. खिशात दोन बोटांनी आत आणि खाली अशी तिरपी पोकळी करावी, मुळे पंख्यासारखी पसरून तीत सोडावीत, टोके वर दुमडली जाऊ देऊ नयेत, आणि मग मिश्रण भरून अंगठ्याने दाबावे. पहिले पाणी घातल्यावर प्रत्येक खिसा पुन्हा तपासावा, कारण पाण्याबरोबर मिश्रण वाहून बहुतेक वेळा दोन-तीन गाठी झाकल्या जातात. त्या बोटाने मोकळ्या कराव्यात.

लावणी संध्याकाळी करावी. ऑक्टोबरात दुपारचा पारा तिशीच्या वर जातो, म्हणून पहिले दहा-बारा दिवस वर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणावी आणि नवे पान उमलताना दिसले की ती काढून टाकावी.

पाणी

सारा प्रश्न पाण्याच्या वाटणीचा आहे, म्हणून याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी. ऑक्टोबरात एका नळीला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागते आणि ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. डिसेंबर-जानेवारीत लिटरभर पुरते, आणि ढगाळ दिवशी तेही नको असते. झारीने मधल्या नळीत हळूहळू ओतावे, शेवटचा कपभर भाग मात्र वरच्या तोंडाशी असलेल्या दोन रोपांभोवती थेट द्यावा. पाने आणि फुले भिजवू नयेत.

ओतण्यापूर्वी दोन ठिकाणी बोट घालून पाहावे: सर्वांत वरच्या खिशात आणि सर्वांत खालच्या खिशात. वर कोरडे आणि खाली चिखल असेल, तर पाणी कमी-जास्त करून उपयोग नाही. एका वेळचे प्रमाण निम्मे करून वेळा दुप्पट कराव्यात. दोन्हीकडे पिळलेल्या फडक्याइतका ओलावा असेल, तर सगळे ठीक चालले आहे. दोन दिवसांसाठी बाहेरगावी जाणे होत असेल तर शेजाऱ्यांना लेखी प्रमाण देऊन जावे, कारण माणसे प्रेमाने नेहमी जास्तच पाणी घालतात.

पाणी कोणते, हाही प्रश्न इंदुरात आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे पाणी १९७८ पासून शहराला मिळते आणि पुष्कळ भागांत ते एक दिवसाआड येते. उरलेल्या दिवसांचे काम बोअरिंगवर चालते. बोअरिंगचे पाणी बहुधा जड असते. ते सतत घातले तर मिश्रणावर पांढरा थर धरतो, सामू चढतो आणि रोपाला लोह घेता येत नाही. मग नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एका नळीला लागते किती, तर दिवसाला एक बादलीही नाही. तेव्हा नळ आला की दोन बादल्या झाकून बाजूला ठेवाव्यात आणि स्ट्रॉबेरीला तेच पाणी द्यावे. बोअरिंगशिवाय इलाज नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा दुप्पट पाणी घालून साठलेले क्षार तळातून वाहून जाऊ द्यावेत, आणि पाने पिवळी पडलीच तर चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) पाकिटावर दिलेल्या मात्रेत फवारावे.

खत

याचा फार बाऊ करू नये. लावणीनंतर तीन आठवडे काहीही देऊ नये. पुढे दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पाण्याबरोबर द्यावे. फुले येऊ लागली की त्याऐवजी त्याच प्रमाणात १३:०:४५ द्यावे. रासायनिक खत नको असेल त्यांनी दर पंधरवड्याला प्रत्येक खिशात दोन चमचे गांडूळखत घालून वर समुद्री शेवाळाचे द्रावण द्यावे. नत्र जास्त झाले की पाने तळहाताएवढी होतात आणि फळे मऊ, पाणचट येतात. शेण भिजवलेले पाणी वारंवार ओतणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

फुले आणि फळे

लावणीनंतर तीन आठवड्यांतच एखादे पांढरे फूल दिसते आणि ते खुडणे जिवावर येते. तरीही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आलेली सगळी फुले आणि रनर काढून टाकावेत. रोपाला मुळे पसरायला तेवढा काळ मिळाला, तर पुढची तीन महिन्यांची फळे त्याची भरपाई करतात.

स्ट्रॉबेरीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे एक रोपही फळू शकते, पण परागकण फुलाच्या मधल्या उंचवट्यावर सगळीकडे पोहोचावे लागतात. आपण ज्यांना बिया म्हणतो ते फळाच्या सालीवरचे पिवळे दाणे हीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे, आणि लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. प्रत्येक फळलेला दाणा आपल्याभोवतीचा गर फुगवणारे संप्रेरक सोडतो; ज्या बाजूला पराग पोहोचला नाही ती बाजू फुगत नाही आणि फळ वाकडे, कुबड आल्यासारखे होते. गच्चीवर मधमाश्या हे काम करतात. चौथ्या मजल्याच्या बंदिस्त गॅलरीत त्या क्वचित येतात, म्हणून तिथे मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश घेऊन सकाळी दहा-अकराच्या सुमारास प्रत्येक उमललेल्या फुलावर गोल फिरवावा. दोन दिवस लागोपाठ केले म्हणजे पुरे.

फुलापासून पिकल्या फळापर्यंत साधारण महिना लागतो, कडाक्याच्या थंडीत चाळीस दिवसही लागतात. एखाद्या रात्री पारा फारच उतरला तर फुलाचा मधला पिवळा भाग काळा पडतो, आणि त्या फुलाला फळ धरत नाही. अशा रात्रींसाठी एक जुनी चादर हाताशी ठेवावी. फळ टोकाकडून देठाकडे लाल होत जाते आणि देठाजवळची पांढरी कड पूर्ण जाईपर्यंत तोडू नये, कारण तोडल्यावर ते मऊ पडते, रंगही गडद होतो, परंतु गोडी वाढत नाही. बाजारातली फळे प्रवासासाठी आधी तोडावी लागतात, आणि घरच्या फळाची चव वेगळी लागते ती बहुतांशी याच कारणाने. सकाळी, अर्धा सेंटिमीटर देठ ठेवून कात्रीने तोडावे आणि खाण्यापूर्वीच धुवावे.

कोण कोण वाटा मागते

पहिला मान खारीचा. फळ गुलाबी झाले की ती येते, अर्धे कुरतडते आणि उरलेले तिथेच टाकून दुसऱ्याकडे वळते. बुलबुल आणि पोपटही येतात. आमच्याकडे यावर एक सोपा उपाय सापडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून जाळीच्या ज्या लहान पोटल्या मिळतात, त्यांत फळांचा एकेक घोस घालून दोरी ओढून घ्यायची. हवा आणि ऊन आत जाते, खार वैतागून परत जाते. पोटली चढवायची ती परागण झाल्यावर, पाकळ्या गळल्या म्हणजे.

किडींत मावा आणि लाल कोळी हे दोन नेहमीचे. मावा कोवळ्या देठांवर चिकटून बसतो आणि मुंग्या दिसू लागल्या की तो आला असे समजावे. लाल कोळी फेब्रुवारीतल्या कोरड्या उन्हात वाढतो. पानावर बारीक पिवळसर ठिपके दिसले तर पान उलटून भिंगाने पाहावे, खाली हलणारे टिंब आणि तलम जाळे दिसते. दोहोंवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने फवारावे आणि दर पाच-सहा दिवसांनी तीनदा करावे. फळावर राखाडी लव आली तर ती करडी बुरशी होय. असे फळ लगेच काढून कचऱ्यात टाकावे, कंपोस्टमध्ये टाकू नये, आणि गर्दी झालेली जुनी पाने छाटून हवा खेळती करावी. नळीत फळे अधांतरी लटकतात, ओल्या मातीला टेकत नाहीत, म्हणून शेतातल्यापेक्षा हा त्रास कमी होतो.

होळीनंतर

मार्चच्या मध्यापासून फळे लहान आणि आंबट येऊ लागतात आणि रोपे रनर सोडू लागतात. पुढच्या मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या झळा बारा रोपांनी नळीत सोसाव्यात असा हट्ट धरू नये. सर्वांत निरोगी, भरपूर फळलेली तीन-चार रोपे निवडून मोठ्या मातीच्या कुंड्यांत हलवावीत आणि त्या पूर्वेकडच्या भिंतीलगत, जिथे सकाळचे कोवळे ऊन तेवढे येते, अशा जागी ठेवाव्यात. उन्हाळाभर ओलावा टिकवावा, फुले दिसली तर खुडावीत, आणि पावसाळ्यात कुंड्या पत्र्याच्या आडोशाला घ्याव्यात, कारण इथे उन्हापेक्षा जुलैच्या झडीनेच जास्त मातृरोपे सडतात.

पावसाळ्यात हवा निवळली की रनरच्या दुसऱ्या पेरावर पानांचा छोटा झुबका दिसतो. त्याच्याखाली मिश्रणाने भरलेला, तळाला भोक असलेला पेला ठेवून झुबका केसांच्या पिनेने मिश्रणाला टेकवून ठेवावा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरली की मातृरोपाकडची दांडी कापावी. एका मातृरोपावर तीन-चारच रनर राहू द्यावेत. ही रोपे सप्टेंबरअखेर लावणीजोगी होतात. काही वर्षांनी घरच्या रोपांचा जोम उतरतो, तेव्हा ताजी रोपे विकत आणावीत.

रिकाम्या नळ्यांतले मिश्रण पुन्हा स्ट्रॉबेरीला वापरू नये, कारण मुळांचे रोग त्यात राहिलेले असू शकतात. ते मोगऱ्याच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत घालावे. नळी आतून ब्रशने घासून धुवावी, पाऊण इंची पाइपची भोके सुईने मोकळी करावीत, आणि दोन्ही उन्हात खडखडीत वाळवून सप्टेंबरपर्यंत आडव्या ठेवून द्याव्यात.